पंचविसावा दरवाजा

जैनाबादच्या घरी जिन्याखालच्या कोनाड्यात एक जुना संगणक ठेवलेला आहे. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. नुसता डबा, एक हिरवा दिवा आणि राउटरकडे जाणारी निळी वायर. त्याच्यावर मी स्वतःचं टपालघर उभारलं होतं: स्वतःचं डोमेन, स्वतःचा पत्ता आणि पोस्टफिक्स नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. सगळी जुळवाजुळव झाल्यावर पुण्याच्या भाच्याला पहिलं पत्र पाठवलं. ते गेलं नाही, परतही आलं नाही. रांगेत पडून राहिलं. मग लॅपटॉपवरून त्या डब्यात शिरलो आणि हातानं दार वाजवून पाहिलं, म्हणजे भाच्याच्या मेल कंपनीच्या सर्व्हरकडे २५ नंबरच्या पोर्टवर थेट जोडणी मागितली. 'ट्रायिंग' एवढा शब्द आणि तीन टिंबं उमटली. सव्वादोन मिनिटांनी उत्तर आलं, 'कनेक्शन टाइम्ड आउट'. साफ नकार मिळाला असता तर दाराआड कोणी तरी आहे एवढं तरी कळलं असतं. इथे हाकच मधल्या मधे विरली होती.

इंटरनेट कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलानं अदबीनं विचारलं, "सर, नेट चल रहा है ना? यूट्यूब खुल रहा है?" खुलत होतं. "तो फिर प्रॉब्लेम क्या है?"

या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण घरगुती जोडण्यांची ही सर्रास आढळणारी कथा आहे.

आमच्या बुऱ्हाणपूर परिसरातल्या माणसाला पोर्ट म्हणजे काय हे समजायला वेळ लागत नाही. तापीच्या पलीकडे शहराच्या कोटाला शनवारा, इतवारा, शिकारपुरा असे दरवाजे आहेत. कोणत्या कामाला कोणत्या दरवाजानं जायचं हे ठरलेलं असायचं. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्रालाही असे पासष्ट हजारांवर क्रमांकित दरवाजे असतात. वेबसाइट बघायची तर ४४३. आपण फोनवरून मेल लिहून आपल्याच मेल कंपनीकडे सोपवतो तो ५८७ किंवा ४६५ वरून. पण एका टपालघरानं दुसऱ्या टपालघराकडे थैली पोचवायची ती २५ वरूनच. त्याला पर्यायी दरवाजा नाही. म्हणून घरच्या जोडणीवरचा २५ बंद झाला की सामान्य ग्राहकाला पत्ताही लागत नाही, आणि स्वतःचं टपालघर चालवणाऱ्याचा मात्र हातच कापला जातो. फटका त्याला एकट्यालाच बसतो असंही नाही. दुकानातल्या सीसीटीव्हीचा डबा चोरीची सूचना मेलनं पाठवतो, कार्यालयातला स्कॅनर कागदाची प्रत मेलनं देतो. यांतली जुनी यंत्रं २५ च मागतात आणि गप्प बसतात. मग मेकॅनिक सांगतो, "मशीन खराब आहे, काका."

हा दरवाजा बंद का झाला याची गोष्ट मात्र मनोरंजक आहे, आणि ती समजून न घेता कंपन्यांवर तुटून पडणं बरोबर नाही.

मेल पोचवण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले. त्यात सगळा भर विश्वासावर होता. पाठवणारा म्हणेल ते त्याचं नाव खरं. कोणाचंही पत्र कोणीही पुढे सरकवून द्यावं, ही शेजारधर्माची रीत. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एर्नेट या शैक्षणिक जाळ्याची सुरुवात झाली, तेव्हा मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संशोधनसंस्थेत प्रा. श्रीनिवासन रमणी यांच्या मार्गदर्शनाखाली देशाबाहेरच्या मेलची ये-जा टेलिफोन लाइनवरून होई. त्या जाळ्यात प्रत्येक संस्था स्वतःचंच टपालघर होती. वेगळी 'मेल कंपनी' ही कल्पनाच नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हाही जगात हाच शिरस्ता होता.

विश्वासाला पहिला तडा खरं तर त्याआधीच गेला होता. ३ मे १९७८ ला डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे चारशे जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं निमंत्रण एकगठ्ठा पाठवलं. लोक चिडले, पण विक्री झाली, आणि हे 'पण' पुढची सगळी वर्षं भोवलं. एप्रिल १९९४ मध्ये कँटर आणि सीगल या अमेरिकेतल्या वकील दांपत्यानं ग्रीन कार्डाची जाहिरात हजारो चर्चागटांत एकाच वेळी फेकली. त्यानंतर मेलच्या पेट्यांत जे घुसलं ते अजून निघालेलं नाही. कॅस्परस्कीच्या मोजणीप्रमाणे २०२४ मध्ये जगभरच्या मेलपैकी ४७.२७ टक्के स्पॅम होता. २००९-१० च्या सुमाराला तर दहांतले जवळजवळ नऊ मेल स्पॅम असत. तेव्हाच्या मानानं आज सुकाळ म्हणायचा.

सुरुवातीला स्पॅमवाल्यांनी त्या शेजारधर्माचाच फायदा घेतला. कोणाचंही पत्र पुढे पाठवणारे सर्व्हर, म्हणजे 'ओपन रिले', त्यांना आयते सापडले. इथे पहिला मोठा तात्त्विक झगडा झाला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे एक संस्थापक जॉन गिलमोर यांनी आपल्या घरचा रिले बंद करायला साफ नकार दिला. प्रवासात असलेल्या मित्रांना त्याची सोय होते, आणि चार गुंडांसाठी मी माझं दार का लावू, हा त्यांचा सवाल. २००१ मध्ये त्यांच्या इंटरनेट कंपनीनं, व्हेरिओनं, त्यांच्या मेलची वाटच अडवली. गिलमोर यांचं तत्त्व मला भावतं, पण व्यवहारात ते चुकले असंच मी म्हणेन. सार्वजनिक विहिरीवर दोर-बादली ठेवणं हा परोपकार. त्या बादलीतून कोणी गावभर सांडपाणी शिंपडतोय हे कळल्यावरही ती तशीच ठेवायची, हा हट्ट झाला.

रिले बंद झाले तसा स्पॅम लोकांच्या घरांत शिरला. २००३-०४ पासून व्हायरसनं पछाडलेले घरगुती संगणक हेच स्पॅमचे कारखाने झाले. मालक गाणी ऐकत बसलेला, आणि त्याच यंत्रातून मिनिटाला शेकडो मेल २५ च्या दरवाजानं बाहेर पडत. नोव्हेंबर २००८ मध्ये अशा यंत्रांना हुकूम सोडणाऱ्या सर्व्हरांना आसरा देणारी मॅकोलो ही कॅलिफोर्नियातली कंपनी इंटरनेटवरून तोडली, तेव्हा जगातला स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आला. म्हणजे सूत्रं मूठभर हातांत होती आणि राबत होते लाखो बेखबर संगणक. त्यांत आपला वाटा फार मोठा होता. चोरीच्या सीडीवरचं विंडोज, कधीच न होणारे अपडेट, गावोगावचे सायबर कॅफे: २०१२ च्या पहिल्या तिमाहीत सोफोस या कंपनीनं स्पॅम पसरवणाऱ्या देशांत भारताला पहिला क्रमांक दिला. ते वर्ष विसरून आजच्या बंद दरवाजाबद्दल बोलता येत नाही.

उपाय साधा होता. घरगुती ग्राहकाला २५ ची गरज नसते; तो आपला मेल ५८७ नं आपल्या कंपनीकडे देतो, नाव आणि पासवर्ड सांगून. तेव्हा घरातून थेट बाहेर जाणारा २५ बंद करा, पछाडलेल्या यंत्राची बोलती आपोआप बंद. जपानमधल्या मोठ्या कंपन्यांनी २००५ पासून हेच केलं. ब्राझील २००९ मध्ये स्पॅमसाठी सर्वांत बदनाम देशांपैकी होता. तिथल्या इंटरनेट समितीनं दूरसंचार कंपन्यांना आणि नियामकाला एकत्र बसवून करार केला, ५८७ कडे वळण्यासाठी लोकांना आधी मुदत दिली, आणि २०१३ पर्यंत देशभरचा घरगुती २५ बंद झाला. काळ्या यादीतला ब्राझीलचा क्रमांक झपाट्यानं खाली घसरला. उपाय लागू पडतो, याबद्दल वादाला जागा नाही.

१६८१ मध्ये मराठ्यांनी बुऱ्हाणपुरावर छापा घातला, तेव्हा मोगल अधिकारी दरवाजे लावून आत बसला आणि बाहेरचा बहादुरपुरा लुटला गेला. आतल्यांच्या दृष्टीनं त्यानं योग्यच केलं. बहादुरपुऱ्याच्या सराफांना विचारलं असतं तर त्यांनी वेगळं सांगितलं असतं. घरी टपालघर चालवणारा माणूस या बहादुरपुऱ्यात राहतो.

तरीही कंपन्यांच्या बाजूनं असलेला सगळ्यात महत्त्वाचा कागदच माझ्या बाजूनंही बोलतो. मेल कंपन्या आणि इंटरनेट कंपन्या यांची स्पॅमविरोधी संघटना, तेव्हाचं नाव मॉग, हिनं २००५ मध्ये जी शिफारस केली तिचा आशय असा: तुम्ही ज्यांना स्पष्ट परवानगी दिली आहे ते सोडून बाकी सर्व यंत्रांचा २५ बंद करा. या वाक्यातला जीव 'सोडून' या शब्दात आहे. फ्रान्सच्या फ्री या कंपनीनं तो शब्द पाळला. तिच्या ग्राहकाच्या खात्यात बाहेर जाणारा मेल अडवण्याचा एक चौकोन वर्षानुवर्षे आहे. मुळात त्यावर खूण असते. ज्याला गरज आहे तो ती काढतो, राउटर बंद-चालू करतो आणि कामाला लागतो. सामान्य माणूस सुरक्षित, जाणत्याची अडवणूक नाही. आपल्याकडच्या घरगुती जोडण्यांत वाक्याचा उत्तरार्ध बहुधा गळून पडला. दरवाजा लावला हे ठीक झालं. पण किल्ली कोणाकडे आहे हे विचारायची खिडकीच ठेवली नाही.

समजा किल्ली मिळाली. तरी पुढे अडथळे आहेतच, आणि त्यांतला पहिला स्पॅमसाठी घातलेला नाही. आशिया-पॅसिफिक विभागातले जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एप्रिल २०११ मध्ये संपत आले आणि रेशनिंग सुरू झालं. तेव्हापासून कंपन्या एकेका पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. एका वाड्यात पन्नास बिऱ्हाडं आणि दारावर पाटी एकच, तसं. आपल्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काही आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपण अशा वाड्यात राहतो असं समजावं. पोस्टमन वाड्यापर्यंत येईल, खोलीपर्यंत नाही. अशा जोडणीवर बाहेरून पत्र येणंच शक्य नाही. शिवाय त्या पन्नासांपैकी एकाच्या यंत्रात व्हायरस शिरला की पाटी सगळ्यांचीच काळी होते.

वेगळे पैसे मोजून स्थिर पत्ता घेतला, तरी तो पत्ता कोणाच्या नावावर आहे हे सांगणारी उलटी नोंद, रिव्हर्स डीएनएस, इंटरनेट कंपनीच्या हातात असते. डोमेन माझं, पण घरपट्टीच्या वहीत नाव कंपनीचं. ती नोंद बहुधा आकड्यांची लांबलचक माळ असते. घेणारा सर्व्हर ती पाहतो आणि 'हे घरगुती दिसतंय' म्हणून पत्र नाकारतो. ही एक ओळ बदलून मिळण्यासाठी मदत क्रमांकावरच्या मुलाला रिव्हर्स डीएनएस म्हणजे काय ते ठाऊक असावं लागतं. माझा अनुभव वर सांगितलाच.

मग याद्या. स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेली स्पॅमहाउस ही संस्था अनेक काळ्या याद्या ठेवते. त्यांतली पीबीएल ही यादी २००७ मध्ये आली, आणि ती नीट समजून घ्यायला हवी. त्या यादीत नाव असणं हा गुन्ह्याचा ठपका नाही. 'या पत्त्यांवरून थेट मेल निघणं अपेक्षित नाही' एवढंच ती म्हणते, आणि बरेचदा इंटरनेट कंपनी स्वतःच आपले घरगुती पत्ते तिथे नोंदवते. तपासायची पद्धत मोठी गमतीची आहे. आपल्या पत्त्याचे चार आकडे उलट क्रमानं लिहून त्यापुढे यादीचं नाव जोडायचं आणि नावनोंदणी-यंत्रणेला विचारायचं. उत्तर काहीच आलं नाही तर आपण मोकळे. १२७.०.०.१० आलं तर आपल्याच कंपनीनं आपल्याला यादीत टाकलंय. १२७.०.०.११ आलं तर स्पॅमहाउसनं. मला दहा आलं. म्हणजे पलीकडच्या सर्व्हरांना 'याचं पत्र घेऊ नका' असं माझ्याच कंपनीनं, माझ्याच पैशांनी, आगाऊ कळवून ठेवलं होतं. खरोखरच स्थिर पत्ता असलेल्याला अर्ज करून एकट्या पत्त्यापुरतं नाव काढून घेता येतं, हे स्पॅमहाउसच्या बाजूनं सांगायला हवं.

सगळ्याच याद्या इतक्या सभ्य नाहीत. यूसीईप्रोटेक्ट नावाच्या यादीच्या तिसऱ्या पातळीवर काही पत्त्यांच्या पापासाठी अख्ख्या कंपनीचं जाळं काळ्या यादीत जातं, आणि लवकर सुटका हवी तर पैसे मागितले जातात. १९४२ च्या आंदोलनात चिमूरसारख्या गावांवर इंग्रजांनी सामुदायिक दंड बसवला होता, त्या जातीचा हा न्याय. सुदैवानं मोठे मेलवाले या पातळीकडे फारसं लक्ष देत नाहीत. यादीवाल्यांना कोर्टात खेचणंही सोपं नाही. ई-३६० या अमेरिकी जाहिरात कंपनीनं स्पॅमहाउसवर दावा लावला. २००६ मध्ये, स्पॅमहाउस बचावाला उभीच नसताना, १ कोटी १७ लाख डॉलरचा निकाल मिळवला. अपिलांतून तो २७,००२ डॉलरवर आला आणि २०११ मध्ये ३ डॉलरवर. भुईचक्र लावावं आणि फुलबाजीही पेटू नये, तसं झालं.

इथपर्यंतच्या अडचणी पैसे, चिकाटी आणि एखादा समजूतदार इंजिनिअर भेटला तर सुटतात. खरी भिंत त्यापुढे आहे आणि ती इंटरनेट कंपनीनं बांधलेली नाही. १ एप्रिल २००४ ला गुगलनं जीमेल सुरू केलं. लोकांना ती थट्टा वाटली. २०१८ मध्ये त्याचे वापरकर्ते दीडशे कोटी झाले. त्यात मायक्रोसॉफ्ट आणि याहू मिळवा, म्हणजे आपण लिहितो त्या बहुतेक पत्रांची शेवटची पेटी दोन-तीन कंपन्यांच्या घरात आहे. त्यांनी घालून दिलेल्या लेखी अटी मला मान्य आहेत. आपल्या नावानं पत्र कोणत्या पत्त्यांवरून निघू शकतं याची जाहीर यादी म्हणजे एसपीएफ. पाकिटावरची लाखेची मोहर म्हणजे डीकेआयएम. मोहर जुळली नाही तर पत्राचं काय करायचं याची सूचना म्हणजे डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूनं, मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं ढिगानं मेल पाठवणाऱ्यांवर हे तिन्ही सक्तीचं केलं. गुगलच्या हिशेबात ढीग म्हणजे दिवसाला ५,००० वर. छोट्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम, बरोबर उलटी नोंद आणि सांकेतिक जोडणी एवढं पुरतं. हे सगळं घरचा डबाही करू शकतो. मी एका रविवारी दुपारी केलं.

गोम लेखी नसलेल्या अटींत आहे. पाठवणाऱ्याची 'पत' नावाचं काही तरी असतं. ती कशी मोजतात हे गुपित, आणि स्पॅमवाल्यांना वाट दाखवायची नसेल तर गुपित ठेवणं भागही आहे. पण हिशेब पाहा. तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, असं गुगल सांगतं. दिवसाला लाख मेल पाठवणाऱ्या बँकेच्या बाबतीत याचा अर्थ तीनशे तक्रारी. मी महिन्याला चाळीस पत्रं पाठवतो. त्यांतल्या एका आत्यानं चुकून नको त्या बटणावर बोट ठेवलं की मी अडीच टक्क्यांवर. आपली पत पाहण्यासाठी गुगलनं जी खिडकी ठेवली आहे, ती इतक्या थोड्या पाठवणाऱ्याला आकडेच दाखवत नाही. मोठा कारखानदार खातेवही पाहून चूक दुरुस्त करतो, फुटकळ गिऱ्हाइकाला वहीच दिसत नाही. आणि पत्र नाकारलं तर निदान कळतं. ते गुपचूप स्पॅमच्या खणात गेलं तर दोन्ही टोकांना पत्ता नसतो. लिहिणाऱ्याला वाटतं उत्तर आलं नाही, आणि ज्याला लिहिलं त्याला वाटतं यानं लिहिलंच नाही. किती नात्यांत असा अबोला धरला गेला असेल, त्याची मोजदाद कोण करणार?

स्पेनच्या कार्लोस फेनोल्लोसा यांनी १९९९ पासून स्वतःचा मेल सर्व्हर चालवला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये हात टेकले. तेवीस वर्षांत स्पॅम पाठवला नाही, सगळ्या अटी पाळल्या, तरी मोठ्या पेट्या पत्रं गिळत राहिल्या, ही त्यांची कैफियत. ते काही हौशी पोरगं नव्हतं, कसलेला संगणकतज्ज्ञ होता. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण इथे जशीच्या तशी लागू पडते. चोर दरम्यान मोठ्या कंपन्यांचीच फुकट खाती उघडून त्यांच्या चांगल्या पतीवर स्पॅम पाठवू लागले आहेत. जीमेलवरून आलेला लॉटरीचा मेल कोणाला आला नाही?

कायदा काय म्हणतो? ईमेलच्या स्पॅमसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. अमेरिकेत तो २००३ मध्ये झाला. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये त्रासदायक आणि मूळ लपवणाऱ्या मेलचा उल्लेख होता. पण ते कलम गाजलं पालघरच्या दोन मुलींच्या अटकेमुळे, आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं, हे बरंच झालं. फोन आणि एसएमएसच्या उपद्रवासाठी ट्राय या दूरसंचार नियामकानं २०१८ मध्ये पाठवणाऱ्यांच्या नोंदणीची कडक व्यवस्था आणली. मेल तिच्या कक्षेत नाही. त्याच वर्षी सरकारनं नेट न्यूट्रॅलिटीचं, म्हणजे जाळ्यावरच्या सगळ्या वाहतुकीला सारखंच वागवण्याचं तत्त्व मान्य केलं. त्यात सुरक्षेसाठी आणि वाजवी व्यवस्थापनासाठी कंपन्यांना सूट आहे, पण ग्राहकाला कळवण्याची अपेक्षाही आहे. २५ बंद करणं या सुटीत बसतं. न सांगता बंद करणं बसू नये. जोडणी घेताना मला जो कागद मिळाला त्यावर वेग होता, दर होता, मोफत ओटीटीची नावं होती. बंद पोर्टांची यादी नव्हती.

१८९८ च्या टपाल कायद्याच्या चौथ्या कलमानं पत्र वाहून नेण्याचा अनन्य अधिकार सरकारला दिला होता. २०२३ च्या नव्या कायद्यात तो उरला नाही. जून २०२४ पासून कागदी पत्र कोणीही वाहून न्यावं. ईमेलवर असा एकाधिकार कधी कोणत्याच कायद्यानं दिला नव्हता. तिथे तो आपोआप तयार झाला, आणि तोही चांगल्या हेतूनं केलेल्या उपायांच्या थरांवर थर चढून. मला यात कट दिसत नाही. प्रत्येक थर आपापल्या जागी शहाणपणाचाच आहे. बेरीज मात्र वाईट आहे.

"हवंय कशाला एवढं?" असं भाचाही विचारतो. घरच्या मेल सर्व्हरचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण हिलरी क्लिंटन यांचं, आणि त्यानं या छंदाचं नाव काही उजळ झालं नाही. माझं कारण साधं आहे. खातं एका सकाळी बंद झालं तर दाद कुठे मागायची, हे ज्या पेढीत कळत नाही तिथे आयुष्यभराचा पत्रव्यवहार ठेवू नये असं मला वाटतं. दुसरं कारण भाषेचं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरीतलं डॉट भारत डोमेन सुरू झालं. ते मराठीसाठीही आहे. देवनागरी पत्त्यावरून मेल पाठवण्याचे नियम २०१२ मध्ये ठरले आणि पोस्टफिक्सला ते येतात. स्वतःचं नाव मराठीत लिहून, स्वतःच्या यंत्रावरून पत्र पाठवायची सगळी सामग्री फुकट आणि तयार आहे. अडतं ते दरवाजापाशी. वीज जाते त्याची तर चिंताही नको: नियमाप्रमाणे पाठवणारा सर्व्हर निदान चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतो. मेलची रचना भारनियमनाच्या गावासाठीच केली असावी, इतकी ती सोशिक आहे.

जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर हा देशातला पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा ठरला. इंटरनेट कंपन्याही घराकडे नळजोडणी म्हणूनच पाहतात: पाणी येईल, तोटी तुमची, पण तुमच्या विहिरीचं पाणी गावाला द्यायची सोय नाही. ही नजर बदलेपर्यंत तडजोडीच्या वाटा आहेत आणि त्या वाईट नाहीत. येणारी पत्रं घरच्या डब्यात घ्यायची, जाणारी एखाद्या पत असलेल्या मध्यस्थाकडे ५८७ नं सोपवायची. तंत्राच्या भाषेत स्मार्टहोस्ट. किंवा महिन्याला चार-पाचशे रुपयांत एखाद्या डेटा सेंटरमध्ये भाड्याची खोली घ्यायची आणि घरापर्यंत बोगदा काढायचा. तिथेही आधी विचारावं. गुगलच्या क्लाउडवर बाहेरचा २५ बंदच असतो, ॲमेझॉनवर अर्ज करून उघडून घ्यावा लागतो. नव्या पद्धतीच्या आयपी-६ पत्त्यांचा आपल्याकडे सुकाळ आहे, पण उलटी नोंद नसेल तर जीमेल तिथूनही पत्र घेत नाही. भाच्याचं पत्र मी शेवटी मध्यस्थामार्फत पाठवलं. ते त्याच्या स्पॅमच्या खणात सापडलं, फोन करून शोधायला लावल्यावर. 'हे स्पॅम नाही' हे बटण त्यानं दाबलं, तेव्हापासून निदान त्याची पेटी मला ओळखते. वाचकांनीही आपापल्या खणात महिन्यातून एकदा डोकवावं. लहान टपालघरांना तेवढीच मदत पुरते.

कंपन्यांकडे मागणं तीनच गोष्टींचं आहे. कोणती पोर्ट बंद आहेत ते जोडणीच्या कागदावर छापा. स्थिर पत्ता घेणाऱ्याला लेखी अर्जावर २५ उघडून द्या. त्याच्याकडून स्पॅम निघाला तर खुशाल पुन्हा लावा. आणि उलटी नोंद ग्राहकाला स्वतः बदलू द्या. यातल्या एकालाही नवं यंत्र लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.

असा अर्ज मी माझ्या कंपनीकडे दिला आहे. तिसऱ्या दिवशी एसएमएस आला की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. त्या संध्याकाळी पुन्हा २५ वर जोडणी मागून पाहिली. सव्वादोन मिनिटंच लागली.